लंडन ते डार्विन : एकोणीस दिवस

आमच्या गावापासून कॉलेज २८ किलोमीटर. एस.टी.ला सव्वा तास लागतो; पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडीच येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्यामुळे एवढे अंतरही आईला फार वाटते. मला मात्र अंतर म्हटले की ॲमी जॉन्सन आठवते.

इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी १९०३ साली तिचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली आणि लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागली. नोकरी सांभाळून ती विमान चालवायला शिकली. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी विमानदुरुस्तीचाही मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. पुढे वडिलांनी आणि लॉर्ड वेकफील्ड यांनी पैसे घातले, तेव्हा एक जुने, उघडे, एका इंजिनाचे विमान तिच्या हाती आले. त्याचे नाव जेसन.

५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. अंतर सुमारे १८,००० किलोमीटर. त्याआधीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच! सोबत वायरलेस नव्हता. बोटीने त्या वेळी महिन्याहून अधिक काळ लागे. बर्ट हिंकलर यांनी १९२८ साली हेच अंतर साडेपंधरा दिवसांत तोडले होते. तो विक्रम तिला मोडायचा होता. सहाव्या दिवशी कराची गाठून ती दोन दिवसांनी पुढेही होती. परंतु वाटेत पेट्रोल संपत आल्याने तिला झाशीला कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. पुढे रंगूनजवळ उतरताना विमान खड्ड्यात जाऊन मोडले आणि दुरुस्तीत दिवस गेले. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. विक्रम हुकला होता, पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली. लोकांनी तिला डोक्यावर घेतले.

दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवी. ५ जानेवारी १९४१ रोजी ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डकडे निघाली. इंग्लंडमधल्या इंग्लंडमधला, थोड्या वेळाचा प्रवास. पण हवा वाईट होती. विमान थेम्सच्या मुखाशी पाण्यात पडले. तिचा देह सापडला नाही. वय अवघे ३७.

२०१८ साली लंडन ते पर्थ हे सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर विमाने कोठेही न थांबता सतरा तासांत कापू लागली. तरी जेसन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे.

बी.ए.नंतर एम.ए.साठी मला विद्यापीठाच्या शहरात राहावे लागेल. आबांनी अजून होकार दिलेला नाही. ॲमीच्या वडिलांनी पैसे देण्यापूर्वी किती रात्री विचार केला असेल, असे मनात येते. हा अंक हाती आला की हा लेख मी आबांना वाचून दाखवणार आहे.