शेवाळातही नर-मादी असतात! हे प्रत्यक्ष पाहणारे प्रिंग्सहाइम कोण होते? जाणून घ्या

डबक्यात हिरव्या केसांसारखं तरंगणारं शेवाळ तुम्ही पाहिलं असेल. त्यातला प्रत्येक ‘केस’ म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पेशींची माळ. या माळेतही नर आणि मादी पेशी असतात. त्या एकमेकींत मिसळताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्या जर्मन शास्त्रज्ञ नथानाएल प्रिंग्सहाइम यांनी.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८२३ चा, सायलेशियातला. हा भाग तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. घर सधन. त्यामुळे येना विद्यापीठातली चार वर्षांची प्राध्यापकी (१८६४-६८) सोडून बर्लिनला परतल्यावर स्वतःच्या प्रयोगशाळेत काम करणं त्यांना परवडलं.

पण खरं मोठं काम त्याआधीच झालं होतं. नरपेशी अंडपेशीला नुसती स्पर्श करते की आत शिरते, यावर तेव्हा एकमत नव्हतं. अगदी प्राण्यांच्या बाबतीतही नाही! प्रिंग्सहाइम यांनी १८५५ मध्ये व्हाउचेरिया हे शेवाळ अभ्यासलं आणि पुढच्याच वर्षी ईडोगोनियम.

ईडोगोनियमची निवड अचूक ठरली. त्याच्या धाग्यातली एखादी पेशी फुगून गोल होते आणि आत एकच मोठी अंडपेशी तयार होते. पेशीच्या भिंतीला बारीक वाट पडते. नरपेशीच्या टोकाला हलत्या केसांचं कडं असतं, त्याच्या जोरावर ती पोहत येते, त्या वाटेनं आत शिरते आणि अंडपेशीत मिसळून जाते. भिंत पारदर्शक असल्यानं हे सगळं जिवंतपणी दिसतं. फलन झालेली पेशी जाड कवच घेते आणि डबकं आटलं तरी टिकते. काही जातींत तर मोजक्या पेशींचा बुटका नर मादीच्याच धाग्यावर मुक्काम ठोकतो. पाठ्यपुस्तकातली ही आकृती अनेकांनी न समजता घोकलेली असते.

सी अर्चिनमध्ये नर आणि मादी पेशींची केंद्रकं एक होताना हर्टविग यांनी दाखवलं ते १८७६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

नंतर मात्र प्रिंग्सहाइम यांचा अंदाज चुकला. हरितद्रव्य हे प्रखर उजेडापासून पेशीला वाचवणारा पडदा आहे, असं ते मांडू लागले. ते टिकलं नाही. एंगेलमन यांनी १८८२ मध्ये लाल आणि निळ्या प्रकाशात ऑक्सिजन जास्त सुटतो हे दाखवलं, तेही क्लॅडोफोरा या हिरव्या धाग्यावरच.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेचे प्रिंग्सहाइम पहिले अध्यक्ष झाले. ६ ऑक्टोबर १८९४ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.