पाळी पुढे ढकलायच्या गोळीचं मूळ मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदात आहे

घरी सत्यनारायण आहे, नाहीतर बहिणीचं लग्न. आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात. मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी येते. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे आधीच सांगून ठेवू.)

त्या गोळीतलं औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. काही गर्भनिरोधक गोळ्यांतही हेच असतं. ही हार्मोन्स शिकताना फार्मसीच्या मुलामुलींना एक नाव भेटतं, ‘मार्कर डिग्रेडेशन’. परीक्षेपुरतं ते पाठही होतं. पण हा मार्कर कोण?

रसेल मार्कर. जन्म १९०२, अमेरिकेतलं मेरीलँड. माणूस कमालीचा हट्टी. पीएचडीचं संशोधन झालं होतं, राहिले होते फिजिकल केमिस्ट्रीचे कोर्स. हे आपल्याला येतं, पुन्हा कशाला शिकायचं, म्हणून पठ्ठ्याने विद्यापीठच सोडलं. अशाने लघवी तपासत बसशील, असं गाईडने बजावलं होतं. पुढे खरंच गाभण घोड्यांच्या लघवीतून हार्मोन काढायची वेळ त्याच्यावर आली!

हे हार्मोन कशाला हवं होतं? गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि नवं बीजांड बाहेर पडणं थांबतं. गर्भनिरोधक गोळी याच तत्त्वावर चालते. पण तेव्हा ते प्राण्यांपासून मिळायचं, तेही चिमूटभर. भाव ग्रॅमला ८० डॉलरच्या आसपास. एवढ्या महाग औषधाची रोजची गोळी कोण घेणार?

मार्करने वनस्पतींमधल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवायची रीत शोधली. आता भरपूर डायोस्जेनिन असलेलं झाड हवं होतं. ते १९४२ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात सापडलं. आपल्या कोनफळाचाच रानटी भाऊबंद, पण कंद अवाढव्य. नमुन्यांची पोती चोरीला गेली, तर पोलिसाला पैसे चारून त्याने एक परत मिळवलं.

संशोधनाला पैसे देणाऱ्या पार्क-डेव्हिस कंपनीने मेक्सिकोत उत्पादन करायला नकार दिला. मार्करने बँकेतली निम्मी बचत काढली, सुमारे १० टन कंद गोळा केले आणि त्यातून ३ किलो प्रोजेस्टेरॉन बनवलं. भाव आठवतोय ना? हिशोब तुम्हीच करा.

मग टेलिफोन डिरेक्टरी चाळून त्याने मेक्सिको सिटीतली हार्मोनची एक छोटी कंपनी गाठली. त्यातून १९४४ मध्ये ‘सिंटेक्स’ उभी राहिली. वर्षभरात पैशावरून भांडण झालं आणि मार्कर बाहेर पडला. जाताना रीत कुणाला सांगितली नाही. बाटल्यांवर सांकेतिक खुणा होत्या, त्यामुळे कंपनीला ती नव्याने शोधायला माणूस आणावा लागला.

प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतलं तर फारसं लागू पडत नाही. म्हणून त्याच कंदाच्या मालापासून सिंटेक्समध्ये १९५१ साली नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. ते पोटातून घेता येत होतं. त्याचं श्रेय कार्ल जेरासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालं, आणि ते योग्यच आहे. पण स्वस्त कच्चा माल नसता तर त्यांनी काम कशावर केलं असतं?

मार्करने १९४९ मध्ये रसायनशास्त्रच सोडलं. पुढे तो जुन्या चांदीच्या भांड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवून घेऊ लागला. १९९५ मध्ये तो गेला.