आकडे छापणाऱ्या यंत्राचा ध्यास
थोर गणिती चार्ल्स बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. खलाशी ज्या गणिती कोष्टकांवर विसंबत, त्यांत चुका गणितात होत, तशाच खिळे जुळवतानाही. म्हणून उत्तर काढून स्वतःच छापणारे यंत्र त्यांनी योजले. पुढील यंत्राच्या आराखड्यात वेगाचा ध्यास होता. हातचा एकेक घर सरकताना वेळ जाई. सर्व हातचे एकदम नेणारी रचना त्यांनी शोधली. सुमारे १७ हजार पौंड खर्चून १८४२मध्ये सरकारने हात आखडता घेतला. त्यात सरकारचाच सारा दोष नव्हता. जुने पुरे होण्याआधीच बॅबेज यांना नवे सुचे! १८ ऑक्टोबर १८७१ रोजी ते निवर्तले. त्यांच्या आराखड्याबरहुकूम लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१मध्ये गणनयंत्र आणि २००२मध्ये छपाईचा भाग पूर्ण केला. दोन्ही चालले.