लोखंडी गोदाम पेटलं की आत जायचं नाही, असा नियम करणारा जेम्स ब्रेडवूड

लाकूड जळतं, लोखंड जळत नाही. म्हणजे लोखंडी खांबांवरची इमारत आगीत जास्त सुरक्षित, बरोबर ना? १९व्या शतकात लंडनच्या व्यापाऱ्यांनाही असंच वाटायचं. अशा गोदामांना ते बिनधास्त ‘अग्निरोधक’ म्हणायचे. लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख मात्र या गोदामांना सगळ्यात जास्त घाबरायचा. त्याचं नाव जेम्स ब्रेडवूड.

ब्रेडवूडचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा. वडील फर्निचर बनवायचे आणि तो स्वतः इमारतींच्या मोजणीचं काम शिकला होता. १८२४ मध्ये एडिनबर्गने स्वतःचं अग्निशमन दल उभारलं आणि ते या २४ वर्षांच्या पोराच्या हाती दिलं. त्याने माणसं निवडली तीही बांधकामातलीच: गवंडी, सुतार, प्लंबर, छपरं घालणारे. कारण साधं होतं. कोणती भिंत कशावर उभी आहे आणि कोणतं छप्पर वजन पेलेल, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

१८३३ मध्ये तो लंडनला गेला. तिथलं दल विमा कंपन्यांच्या पैशांवर चालायचं. ८० माणसं आणि १३ ठाणी, एवढ्यावर अख्खं लंडन. रस्त्यावर उभं राहून पाणी फेकू नका, आत शिरून आगीच्या मुळावर मारा, ही त्याची शिकवण.

पण लोखंडी गोदामं याला अपवाद होती. १८४९ मध्ये त्याने सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे याचं कारण मांडलं. जाड लाकडी तुळई बाहेरून आत हळूहळू जळते, त्यामुळे आतल्या माणसांना थोडा वेळ मिळतो. बिडाचा खांब तसा नसतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकू शकतं. लोखंडी तुळया तापून लांबतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. त्यात गोदामाचे मजले आतून सलग असले, तर आग एवढी मोठी होते की पंपांचं पाणी पुरत नाही. म्हणून लोखंडावर उभं असलेलं गोदाम एकदा नीट पेटलं, की त्याच्या माणसांना आत जायला मनाई होती.

२२ जून १८६१. शनिवारची दुपार. थेम्स नदीकाठी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. आत कापूस, ताग, साखर, चरबी, सोरा. आग पसरू नये म्हणून मध्ये लोखंडी दारं बसवलेली होती, पण ती उघडीच राहिली होती. ओहोटीमुळे नदीचं पाणीही दूर गेलेलं.

ब्रेडवूड आत गेलाच नव्हता. तो बाहेर, थकलेल्या आपल्या माणसांची विचारपूस करत फिरत होता. तेवढ्यात गोदामाची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली आणि तो तिच्याखाली गाडला गेला. मृतदेह काढायला दोन दिवस लागले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे.

त्याच्या अंत्ययात्रेला लंडन लोटलं. नुकसानीने हादरलेल्या विमा कंपन्यांनी मात्र आधी हप्ते वाढवले आणि मग सरकारला सांगून टाकलं की, आता शहराची आग तुम्हीच विझवा. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनला सरकारी अग्निशमन दल मिळालं.