कमलाबाई आणि आपलं सोयाबीन

दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला सोहोनी. जन्म १९११ चा. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत, १९३३ मध्ये तो मिळवलाच! १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. पण मला त्या जवळच्या वाटतात कडधान्यांमुळे. मुंबईत त्यांनी यावरच संशोधन केलं. आतड्यातलं ट्रिप्सिन हे एन्झाइम प्रथिनं पचवतं, अन् कच्च्या कडधान्यातलं एक द्रव्य त्यालाच अडवतं. तेही प्रथिनच, त्यामुळे चांगलं शिजलं की निकामी होतं. आमच्या वाशीमकडे सोयाबीन शेतोशेती. बचत गटातल्या बायांना मी सांगते, लेकरांच्या पिठात कच्चं सोयाबीन दळू नका गं. रात्रभर भिजवा, अर्धा तास उकळा, मग वाळवून दळा. नुसतं भिजवून भागत नाही.