सर जमशेटजी जीजीभॉय : माळव्याच्या अफूपासून मुंबईच्या रुग्णालयापर्यंत

मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या दोन अक्षरांमागच्या संपत्तीचा एक झरा आपल्या माळव्याच्या काळ्या मातीतून वाहत होता, याची आठवण क्वचितच निघते.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. घराणे मूळचे नवसारीचे, पारशी. लहानपणीच आईवडील गेले आणि मामांच्या आश्रयाने ते व्यापारात शिरले. मामांचा धंदा बाटल्यांचा. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते पहिल्यांदा चीनला गेले. पुढे आणखी चार सफरी केल्या. १८०५ साली त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. मालाला मुकून, केप ऑफ गुड होपमार्गे, ते कसेबसे परतले. मात्र त्याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा डॉक्टर होता. पुढे हाच जार्डीन कँटनचा बडा व्यापारी झाला आणि ती ओळख जन्मभर कामी आली.

तो व्यापार समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता. चीनला मात्र इंग्लंडचा माल फारसा नको होता. मग चहाची किंमत चुकवायची कशाने? नुसती चांदी किती द्यायची? ही तूट हिंदुस्थानातल्या कच्च्या मालाने भरून काढली : गुजरातचा कापूस आणि अफू. कँटनला माल विकून आलेली चांदी तिथेच कंपनीच्या खजिन्यात भरायची आणि लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची. त्याच चांदीतून कंपनी चहा खरेदी करी. पैशाचे चक्र असे पुरे होई.

बंगालच्या अफूवर कंपनीचा मक्ता होता. माळव्यात संस्थानिकांचे राज्य असल्याने तो चालेना. इथली अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून निसटे. शेवटी १८३०च्या सुमारास इंग्रजांनी परवान्याचे पैसे घेऊन ती मुंबईमार्गे जाऊ दिली. जमशेटजी, त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे यांची भरभराट या व्यापारातही झाली. पारशी, जैन, मुसलमान अशी ही भागीदारी बाजारातल्या पतीवर उभी होती.

१८३९ साली चिनी अधिकारी लिन यांनी कँटनला अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटले. १८४२ साली हरलेल्या चीनने नानकिंगचा तह केला आणि त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. १८५७ साली ते पहिले हिंदी बॅरोनेट झाले.

पैसा त्यांनी मोकळ्या हाताने दिला. रुग्णालय, कलाशाळा, पुण्याच्या मुळा-मुठेवरचा बंधारा ही त्यातली काही कामे. माहीमच्या खाडीत होड्या बुडून माणसे मरत. तिथला पूल १८४५ साली पुरा झाला तो त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या देणगीतून. अट एकच, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसा घ्यायचा नाही.

१८५९ साली ते वारले. रुग्णालयात आजही गोरगरीब बरे होतात. कँटनच्या अफूबाजांच्या घरांची मोजदाद कुणी ठेवली नाही. माळव्याचा शेतकरी, मुंबईचा व्यापारी आणि चीनचा गिऱ्हाईक एकाच साखळीत होते. त्यातले आपण पहिले टोक. म्हणून जमशेटजींचे चरित्र वाचताना दानाइतकाच त्या पेट्यांचाही हिशेब आपल्या वहीत असावा.