नामदार गोखले आणि त्यांचे न पटणारे सोबती



आपल्या पेणकरपाड्यात काय किंवा दुसऱ्या कोणत्याही धर्मग्रामात काय, कामे होतात ती गटांतून. पॅरिश कौन्सिल, महिला मंडळ, युवक, गायकवृंद, शेजारसमूह. सभेत सगळे माना डोलावतात आणि खरी सभा नंतर गेटबाहेर, स्कूटरला टेकून भरते, हा अनुभव कोणाला नाही? तोंडावर न बोललेले मत पाठीमागे दुप्पट मोठे होते. पुढाऱ्यालाही कोणी वेगळे बोलले की आपला अपमान झाला असे वाटते.

याच संदर्भात आज नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी थोडे लिहीत आहे. शाळेच्या पुस्तकात ते गांधीजींचे गुरू म्हणून येतात आणि धडा तिथेच संपतो. आपल्यापैकी बरेच जण माझगावच्या काका बॅप्टिस्टांमुळे लोकमान्य टिळकांच्या बाजूने विचार करतात, आणि टिळकांच्या बाजूने पाहिले की गोखले मवाळ, म्हणजे जरा कच्चेच वाटतात. पण माणसांना एकत्र ठेवून काम करण्याच्या बाबतीत या मवाळ माणसाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. तेरा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. या पैशांची जाणीव गोपाळरावांनी जन्मभर ठेवली. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या मागे न लागता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद.

टिळक आणि आगरकर त्या वेळी त्याच संस्थेत होते. ध्येय एक, त्याग सारखा, तरीही भांडणे झाली. आजीव सभासदांनी बाहेरची कामे घ्यावीत की नाही यावर मोठा वाद पेटला. त्यात गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले हे एक निमित्त झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. चांगल्या माणसांची संस्था चांगल्या माणसांमुळेच कशी फुटते हे गोखल्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी जवळून पाहिले. त्याचा त्यांच्या मनावर परिणाम झाला असला पाहिजे, कारण पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा तिच्या नियमांत याचा बंदोबस्त केलेला दिसतो.

त्यांचे गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानड्यांच्या हाताखाली गोखले आकडे तपासायला, अर्ज आणि निवेदने पुन्हा पुन्हा लिहायला शिकले. आणखीही एक गोष्ट त्यांनी तिथे पाहिली. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन होते. काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरवायला काही मंडळींनी कडाडून विरोध केला. रानडे हट्टाला पेटले नाहीत. त्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. परिषद झाली आणि काँग्रेसही मोडली नाही. गोखले त्या अधिवेशनाच्या चिटणीसांपैकी एक होते.

आता १८९७ सालाकडे येऊ. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत कडू प्रसंग, आणि माझ्या मते याच प्रसंगाने त्यांना घडवले. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगची साथ होती. घरे तपासणाऱ्या गोऱ्या सोल्जरांविषयी लोकांत संताप होता आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुण्याहून आलेल्या मित्रांच्या पत्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. मुंबई सरकारने ते नाकारले आणि पुरावा मागितला. बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस अधिकारी त्यांची वाटच पाहत होते. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना पोलिसांच्या तोंडी देणे होते.

एकतीस वर्षांच्या या माणसापुढे काय मार्ग होते? नावे सांगून सुटता आले असते. पुरावा नसताना आरोप लावून धरला असता तर लोकांनी खांद्यावर घेतले असते. गोखल्यांनी दोन्ही केले नाही. जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, हे त्यांनी मान्य केले. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी गव्हर्नरांची, प्लेगच्या कामावरील अधिकाऱ्यांची आणि सोल्जरांची बिनशर्त माफी जाहीरपणे मागितली. मित्रांची नावे मात्र सांगितली नाहीत. त्याच दिवसांत टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागतात! लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांना अपमान गिळावा लागला.

ही माफी योग्य होती की नाही यावर आजही दोन मते आहेत. पत्रे खोटी होती असे काही ठरलेले नाही, तेव्हा एवढी संपूर्ण माफी कशाला, असे विचारणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यानंतर गोखले रुसून घरी बसले नाहीत. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून त्याच कामात उतरले. आणि त्यापुढे त्यांनी आकडा आणि आधार हातात असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी तोंड उघडले नाही. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी शिलकेचा आकडा म्हणजे प्रजेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच हिशेबातून दाखवून दिले आणि सारा देश त्यांचे नाव घेऊ लागला.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, स्थापन केली. सुरुवातीला गोखल्यांसह चारच जण. बाकीचे तिघे द्रविड, पटवर्धन आणि देवधर. प्रत्येक सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. आपल्या धर्मसंघांच्या व्रतांची आठवण व्हावी अशाच त्या आहेत. देशाला पहिले स्थान द्यायचे, जातिधर्माचा भेद न करता सर्वांसाठी झटायचे, मिळेल तेवढ्यात संसार चालवायचा, पैसा कमावण्यात शक्ती घालवायची नाही. त्यांतली एक शपथ अशी की कोणाशीही वैयक्तिक भांडण करायचे नाही. मतभेदाला त्यात बंदी नाही. बंदी आहे ती वैयक्तिक भांडणाला.

गोखले स्वभावाने हळवे होते. टीका त्यांना लागत असे. १९०२ च्या सुरुवातीला गांधीजी कलकत्त्याला महिनाभर त्यांच्याकडे राहिले होते. गोखले ट्रामने न जाता घोडागाडीने का फिरतात, असे या तरुण पाहुण्याने विचारले. गोखल्यांना वाईट वाटले. लोक ओळखतात, ट्राममध्ये बसणे अवघड होते, असे त्यांनी समजावले आणि आपले साधेपण गांधीजींनीही ओळखू नये याची खंत व्यक्त केली. गांधीजींनी तो मुद्दा सोडला, पण मग तुम्ही पायी फिरायलाही जात नाही, ही दुसरी तक्रार केली! गोखल्यांनी वेळ नसल्याचे सांगितले. गांधीजींचे समाधान झाले नाही, तरी आदरापोटी ते गप्प राहिले. हे सारे गांधीजींनीच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे. एवढ्यावरून दोघांत अंतर पडले नाही, उलट जवळीक वाढली.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. टॉल्स्टॉय फार्मवर सगळे जमिनीवर झोपतात हे कळताच आजारी असूनही त्यांनी आपल्यासाठी आणलेली खाट नाकारली. हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा कर सरकार वर्षभरात काढून टाकील, असे तिथल्या मंत्र्यांना भेटून आल्यावर त्यांनी गांधीजींना खात्रीने सांगितले. गांधीजींना ते पटले नाही आणि त्यांनी तसे तोंडावर सांगितले. पुढे गांधीजींचेच खरे ठरले. कर गेला तो १९१४ मध्ये, मोठ्या सत्याग्रहानंतर. गांधीजींचे ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गोखल्यांना अजिबात रुचले नव्हते. ते घाईने लिहिलेले, कच्चे पुस्तक आहे आणि हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधीजी स्वतःच ते रद्द करतील, असे त्यांचे भाकीत होते. ते चुकले.

सगळेच मतभेद त्यांना असे पेलले नाहीत, हेही सांगायला हवे. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. १९१४ च्या अखेरीस ॲनी बेझंट यांनी ती सांधण्याचा प्रयत्न केला. गोखले आधी अनुकूल होते, मग टिळकांच्या हेतूंविषयी शंका येऊन मागे फिरले आणि आपली शंका त्यांनी एका खाजगी पत्रात लिहिली. ते पत्र खाजगी राहिले नाही. टिळकांनी ‘केसरी’तून जाब विचारला. गेटबाहेरच्या सभेचाच हा प्रकार, आणि त्याचे फळही तसेच आले. आयुष्याचे शेवटचे दिवस या कटुतेत गेले.

याच दिवसांत दुसरा एक प्रश्न त्यांच्यापुढे होता. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईला उतरले. पहिले एक वर्ष देशभर फिरा, पाहा, पण सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, असे गोखल्यांनी त्यांना सांगितले आणि गांधीजींनी ते मानले. गांधीजींनी भारत सेवक समाजात यावे ही गोखल्यांची मनापासून इच्छा होती. गांधीजींचीही होती. संस्था गोखल्यांनी काढलेली, पैसा त्यांच्या शब्दावर येणारा, सभासद त्यांना गुरू मानणारे. पण सभासदांना हे मान्य नव्हते. गांधीजींचे विचार आणि त्यांची पद्धत आपल्याहून फार वेगळी आहे, हे जमायचे नाही, असे त्यांना वाटत होते आणि त्यांनी ते आपल्या प्रमुखाला सांगितले.

गोखल्यांनी हुकूम सोडला नाही. त्यांनी गांधीजींनाच खरे काय ते सांगितले. सभासदांना तुमची अजून नीट ओळख पटलेली नाही, ते आपल्या तत्त्वांना धरून आहेत, ते तुम्हाला घेतील अशी आशा आहे. न घेतले तरी त्यांचे तुमच्यावर प्रेम नाही असे समजू नका, मी तुम्हाला सभासदच मानीन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गांधीजींना गुजरातमध्ये आश्रम काढायचा होता. गोखल्यांनी समाजाच्या वहीत त्यांच्या नावाने खाते उघडायला सांगितले आणि लागेल तो पैसा द्यायची सूचना दिली. म्हणजे सहकाऱ्यांचा विरोधही मानला आणि मित्राला रिकाम्या हाताने पाठवले नाही.

गांधीजी निघण्याआधी संस्थेच्या आवारात छोटासा फराळ ठेवला होता. गांधीजी खातात म्हणून खजूर, शेंगदाणे, फळे, एवढेच. मधुमेहाने खंगलेले गोखले आपल्या खोलीतून चार पावले चालत तिथे आले आणि बेशुद्ध पडले. त्यांना उचलून आत नेले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठवला की मेळावा चालू ठेवा.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री ते गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरून स्मशानात आले. ज्याच्याशी पंचवीस वर्षे वाद घातला, ज्याच्या पत्रावरून नुकतेच कडक लिहिले, त्याच्या चितेपाशी टिळक त्याची थोरवी सांगायला उभे राहिले. कोणी टाळ्या वाजवू लागले तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही, रडण्याची आहे, अशा आशयाचे सांगून त्यांनी लोकांना गप्प केले.

गांधीजी शांतिनिकेतनात होते. तार मिळताच ते पुण्याला आले. गुरू गेल्यामुळे समाजात जाणे आता आपले कर्तव्यच आहे असे त्यांना वाटत होते. सभासदांची बैठक झाली. काही जण त्यांना घ्यावे म्हणत होते, काही ठामपणे नको म्हणत होते. पुष्कळ चर्चा झाली, पण कोणी कोणाविषयी वाईट बोलले नाही. निर्णय पुढे ढकलला गेला. गांधीजी परत येऊन विचार करू लागले. बहुमताने घेतले तरी ज्यांना आपण नको आहोत त्यांच्यात जाऊन बसणे गोखल्यांना आवडले असते का? त्यांनी श्रीनिवास शास्त्रींना पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला. ज्यांनी विरोध केला होता तेच त्यानंतर त्यांच्या अधिक जवळ आले.

गोखल्यांच्या जागी शास्त्री समाजाचे अध्यक्ष झाले. गांधीजी सभासद झाले नाहीत. मे महिन्यात त्यांनी अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम सुरू केला आणि वर्षभर सार्वजनिक प्रश्नांवर न बोलण्याचा शब्द, ज्याला दिला तो माणूस हयात नसतानाही पाळला.